आधी कॉक, मग पान्हा!

संडेची सकाळ. बेसिनचा नळ आठवडाभर टिपटिप करतोय. ‘आलोच साहेब’ म्हणणारा प्लंबर दोन दिवस गायब आहे. मग आपल्यातला इंजिनीअर जागा होतो. एक वायसर तर बदलायचाय, त्यात काय एवढं? पान्हा लागतो, नळ सैल होतो... आणि पुढच्याच क्षणी नळ हातात, भिंतीतून कारंजं आणि तोंडचं पाणी पळालेले तुम्ही!

बिचाऱ्या पान्ह्याचा यात काही दोष नाही. पाणी बंद करायचं तेवढं राहून गेलं. मिनिटाला दहा लिटर धरले, तरी कॉक शोधण्यात गेलेल्या दहा मिनिटांत शंभर लिटर पाणी घरभर. पुण्या-मुंबईत याचा अर्थ खालच्या काकूंचं सीलिंग खराब आणि घरमालकाकडच्या डिपॉझिटला कात्री. पण हाच हिशेब बुलढाणा जिल्ह्यातल्या संग्रामपूरला मांडून बघा.

शंभर लिटर म्हणजे किती?

संग्रामपूर हा सातपुड्याच्या पायथ्याचा तालुका. इथली अनेक गावं पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात येतात. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात जमिनीखालचं पाणीच खारं. बोअर मारा, पाणी लागेल. पण ते पिता येईलच असं नाही. म्हणून जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांसाठी वान धरणावरून १४० गावांची पाणीपुरवठा योजना आखली गेली. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यात माणशी रोज ५५ लिटरचं माप ठरवलं. म्हणजे तुमचं ते शंभर लिटरचं कारंजं म्हणजे जवळजवळ दोन माणसांचा दिवस. गच्चीवरची हजार लिटरची टाकी रिकामी झाली, तर अठरा माणसांचा!

‘आज नळच नाहीत, मग बंद काय करायचं?’

जिथे पाणी ठरावीक वेळीच येतं, तिथे हा डायलॉग हमखास ऐकू येतो. आणि फसगत इथेच होते. नळ आले नसले, तरी गच्चीवरची टाकी भरलेली असते. शिवाय लाइन उघडी ठेवून तुम्ही वायसर आणायला बाजारात गेलात आणि तेवढ्यात नळ आले, तर संपलंच. तिसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. रिकाम्या लाइनवर कुणी मोटर लावली की पाइप ओढ घेतो, आणि उघड्या सांध्यातून आजूबाजूचं घाण पाणी आत जातं. पुढे तेच पाणी तांब्यात येतं. त्यामुळे लाइन कोरडी असली, तरी कॉक बंद हवाच.

पाच मिनिटांचा फंडा

कुठला कॉक? सर्वांत जवळचा. बेसिनखाली किंवा कमोडमागे छोटा अँगल कॉक असतो. तो नसेल तर बाथरूमच्या भिंतीतला, आणि तोही नसेल तर गच्चीवर टाकीच्या तोंडाशी असलेला. सोसायटीत गच्चीवरचा कॉक फिरवण्याआधी वॉचमनला आणि शेजाऱ्यांना सांगा. साबण लावून उभ्या असलेल्या माणसाचे शाप फार लागतात!

बंद कसा करायचा? चाकवाला व्हॉल्व्ह घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, बरेच वेढे. दांडीवाला फक्त पाव फेरी; दांडी पाइपला आडवी झाली की बंद, पाइपच्या रेषेत आली की चालू.

खात्री कशी करायची? ही स्टेप सगळेच गाळतात. कॉक बंद केल्यावर तोच नळ सोडा आणि पाइपमधलं उरलेलं पाणी बादलीत घ्या. धार बारीक होत थांबली, तर पान्हा उचला. थांबलीच नाही, तर कॉक पूर्ण बंद होत नाहीये. पान्हा खाली ठेवा आणि आधीचा कॉक गाठा.

गीझर आणि मोटर? दोन्हींचे स्विच बंद. पाणी पुन्हा भरल्याशिवाय गीझर लावू नका, रिकाम्या टाकीत कॉइल जळते.

काम झाल्यावर? नळ थोडा उघडा ठेवून कॉक हळूहळू सोडा, म्हणजे अडकलेली हवा निघून जाईल. मग सांध्याला कोरडा कागद लावून बघा. ओला झाला, तर पाणी अजून मुरतंय.

कॉक फिरतच नाही...

खाऱ्या पाण्याचा हा आणखी एक प्रताप. क्षार बसून बसून व्हॉल्व्ह जाम होतो आणि नेमक्या वेळी दगा देतो. शहरातही बोअरच्या नाही तर टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या सोसायट्यांत हेच. नळाच्या तोंडाशी पांढरा थर दिसत असेल, तर आतही तो आहे असं समजा. अशा कॉकवर पान्ह्याने जोर काढलात, तर तो तुटून हातात येईल. त्यापेक्षा वरचा कॉक बंद करा आणि हा प्लंबरकडून बदलून घ्या. एक सोपी सवय लावा. दर दोन-तीन महिन्यांनी घरातला प्रत्येक कॉक एकदा पूर्ण बंद करून परत उघडा. जिमला जाणं जमलं नाही तरी चालेल, कॉकचा व्यायाम चुकवू नका.

आणि हो, हे सगळं फक्त तुमच्या टूबीएचकेपुरतं नाही. तुम्ही इथे मीटिंगमध्ये असता आणि गावी आई-बाबा दोघंच असतात. पाइप काही रविवार बघून फुटत नाही. तेव्हा दिवाळीला घरी जाल, तेव्हा फराळाआधी एकदा गच्चीवर चढा. प्रत्येक कॉक फिरवून बघा, जाम असेल तो बदला. मग त्यांना वेगवेगळ्या रंगांच्या दोऱ्या बांधा: स्वयंपाकघराची लाल, बाथरूमची पिवळी. आई-बाबांना गच्चीवर नेऊन एकदा दाखवा, त्यांच्याच हाताने फिरवायला लावा. गच्ची चढणं आता त्यांना जमत नसेल, तर खाली हाताशी येईल असा एक कॉक बसवून घ्या. कधी रात्री फोन आलाच, तर तुम्हाला एवढंच सांगावं लागेल: ‘बाबा, घाबरू नका. पिवळ्या दोरीचा कॉक बंद करा.’