घर माझे, पण जमीन कोणाची?

स्वतःचे घर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अजूनही स्वतःची जागा, पुढे अंगण आणि दारात तुळस असेच चित्र येते. पण आता शिरूर काय किंवा दौंड काय, तालुक्याच्या गावीही तीन-चार मजली इमारती उभ्या राहिल्या आहेत. दौंड हे रेल्वेचे मोठे जंक्शन. उभी नोकरी रेल्वेच्या क्वार्टरमध्ये काढलेल्या माणसाला निवृत्त झाल्यावर ते सोडावे लागते. इकडे रांजणगाव आणि तिकडे कुरकुंभ येथील कारखान्यांत कामाला येणाऱ्यांनाही आसरा हवाच. एकट्याने जागा घेऊन बांधणे झेपत नाही, म्हणून मंडळी फ्लॅट घेतात. आयुष्याची पुंजी त्यात घालतात आणि किल्ली हाती आली की म्हणतात, “चला, झालो एकदाचे मालक!”

येथेच जरा थांबले पाहिजे. आपला करारनामा असतो तो आपल्या खोल्यांपुरता. इमारतीखालच्या जमिनीचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढून बघा. पुष्कळदा तिथे अजून मूळ जमीनमालकाचेच नाव असते. आज त्याने काही अडत नाही. पण वीस-तीस वर्षांनी इमारत जुनी होते, पाडून नवी बांधायची वेळ येते, आणि मग मूळ मालकाचे वारस पुढे येऊन विचारतात, “जमीन तुमची कशी?”

कायद्याने याचा विचार फार पूर्वी केला आहे. महाराष्ट्राचा मालकी हक्काच्या सदनिकांविषयीचा कायदा १९६३ सालचा. बांधणाऱ्याने किमतीच्या वीस टक्क्यांपर्यंतची आगाऊ रक्कम घेण्याआधीच करारनामा करून त्याची नोंदणी केली पाहिजे, पुढे फ्लॅट घेणाऱ्यांची सहकारी संस्था स्थापन करून दिली पाहिजे, आणि जमीन व इमारत त्या संस्थेच्या नावे करून दिली पाहिजे, असे हा कायदा सांगतो. या शेवटच्या दस्ताला अभिहस्तांतरण म्हणतात. करारात मुदत ठरलेली नसेल, तर संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत तो व्हायला हवा.

आता कोणी म्हणेल, “अहो, हल्ली तर रेरा आहे ना!” आहे खरा. २०१६ च्या त्या कायद्याने ग्राहकांच्या पैशांपैकी सत्तर टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवण्याचे बंधन घातले. पण जमीन पाचशे चौरस मीटरपर्यंतची असेल किंवा फ्लॅट आठांपेक्षा जास्त नसतील, तर त्या बांधकामाची रेराकडे नोंदणी सक्तीची नाही. आपल्या लहान गावांत अशा आटोपशीर इमारती सहज आढळतात. तेथे १९६३ चा कायदाच आपला आधार, हे विसरू नये.

बांधणारा टाळाटाळ करीत असेल, परगावी गेला असेल किंवा हयात नसेल, तरी वाट बंद होत नाही. २००८ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि ‘मानीव अभिहस्तांतरणा’ची सोय आली. संस्थेने जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा. ते दुसऱ्या बाजूला नोटीस देऊन म्हणणे ऐकतात आणि खात्री पटल्यावर प्रमाणपत्र देतात. मग बांधणाऱ्याच्या सहीवाचूनही दस्त नोंदवता येतो. मात्र एवढ्यावर थांबू नये. त्या दस्ताच्या आधारे सातबारावर किंवा मिळकत पत्रिकेवर संस्थेचे नाव चढवून घ्यावे. ते चढले, की काम पुरे झाले.

तेव्हा फ्लॅट घेणाऱ्याने पाणी, ऊन, वारा बघावाच, पण जमिनीचा उतारा आणि नगरपरिषदेने मंजूर केलेला नकाशाही मागून घ्यावा. आणि जे आधीच राहत आहेत, त्यांनी पुढच्या सर्वसाधारण सभेत एकच प्रश्न विचारावा: आपल्या इमारतीखालची जमीन कोणाच्या नावावर आहे? कागद आज हाताशी आहेत, माहीतगार माणसे हयात आहेत. हे काम लांबणीवर टाकले, तर त्याची किंमत आपल्या मुलाबाळांना मोजावी लागेल.