राजाच्या मांडीवरचा खंजीर

सोनं जास्त मोलाचं की लोखंड? हसू नका! इजिप्तच्या तुतनखामेन राजाच्या काळात लोखंड सोन्याहून दुर्मीळ होतं. आणि हा राजा म्हणजे साधासुधा नव्हे, अस्सल सोन्याच्या शवपेटीत पुरलेला.

सुमारे 3300 वर्षांपूर्वी, विशीही न गाठता तो वारला. हॉवर्ड कार्टर यांना त्याची कबर सापडली 1922 मध्ये. तीन वर्षांनी ममीच्या पट्ट्या उलगडताना दोन खंजीर निघाले. एकाचं पातं सोन्याचं. दुसरा उजव्या मांडीशी होता. त्याची मूठ सोन्याची, मुठीच्या टोकाला स्फटिकाचा गोळा, म्यानही सोन्याचं आणि पातं मात्र लोखंडाचं!

आता गंमत बघा. तेव्हाच्या इजिप्तमध्ये तांबं आणि कांसं भरपूर, पण दगडातून लोखंड गाळायची विद्या तिथे अजून आलीच नव्हती. मग हे पातं आलं कुठून?

पात्याचा तुकडा कापून तपासावा, तर एवढ्या अनमोल वस्तूला करवत कोण लावू देईल? म्हणून इटली आणि इजिप्तच्या शास्त्रज्ञांनी त्यावर फक्त क्ष-किरण सोडले. क्ष-किरण पडले की प्रत्येक मूलद्रव्य स्वतःचे ठरावीक क्ष-किरण परत पाठवतं. वर्गात हजेरी घेताना डोळे मिटूनही आवाजावरून मुलं ओळखावीत, तसंच हे. 2016 मध्ये निकाल जाहीर झाला. लोखंडाबरोबर निकेलही ‘हजर’ म्हणालं होतं, तेही जवळजवळ 11 टक्के. शिवाय थोडं कोबाल्ट.

एवढं निकेल? पृथ्वी वितळलेली होती तेव्हा जड लोखंड खोल गाभ्यात बुडालं आणि जाताना बहुतेक निकेलही घेऊन गेलं. त्यामुळे खाणीतल्या साध्या लोहखनिजात ते फारसं सापडत नाही. पण अवकाशात फुटलेल्या लघुग्रहांच्या गाभ्यांचे तुकडे कधीकधी पृथ्वीवर पडतात. त्या लोखंडी उल्कांमध्ये निकेल भरपूर असतं. म्हणजे राजाचा खंजीर आकाशातून पडलेल्या लोखंडाचा होता!

पण उल्केचं लोखंड घडवणं महाकठीण. आपल्याकडचीच गोष्ट ऐका. 1621 मध्ये जालंधरजवळ एक उल्का पडली. बादशहा जहांगीरने तो 160 तोळ्यांचा, म्हणजे जवळपास दोन किलोंचा, गोळा मागवला आणि उस्ताद दाऊद नावाच्या कारागिराकडे दिला. घण पडताच लोखंडाचे तुकडे उडाले! शेवटी तीन भाग उल्केचं आणि एक भाग साधं लोखंड मिसळून त्याने दोन तलवारी, एक सुरी आणि एक खंजीर बनवला. हे सगळं जहांगीरने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. त्यातली सुरी आज वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे.

मग इजिप्तच्या राजाचं पातं कसं जमलं? जपानी शास्त्रज्ञांना त्यावर आडव्यातिडव्या रेघांची पुसट जाळी दिसली. लघुग्रहाच्या पोटात लोखंड लाखो वर्षं हळूहळू थंड होतं, तेव्हाच अशी जाळी तयार होते. फार तापवलं की ती पुसली जाते. म्हणजे ज्याने पातं घडवलं, त्याने भट्टी 950 अंशांखालीच ठेवली असणार. माझ्या मते त्या अनाम लोहाराची कबरही सोन्याची हवी होती.

आणखी एक धागा मुठीत लपला होता. तिची सजावट चिकटवायला चुना वापरलेला दिसतो. इजिप्तमध्ये तेव्हा जिप्सम वापरत, चुन्याचा वापर तिथे नंतर आला. शिवाय मितान्नी देशाच्या राजाने तुतनखामेनच्या आजोबांना लोखंडी पात्याचा खंजीर भेट पाठवल्याची नोंद मातीच्या पाट्यांवर आहे. म्हणून हा खंजीर आहेरात आला असावा, असा या शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. असलं पातं फळं कापायला नव्हतंच. ते राजाची शान दाखवायला होतं आणि मेल्यावरही त्याच्यासोबत राहायला.

तर आता एक विनंती. आजोळच्या माळ्यावर जुनी कट्यार नाहीतर अडकित्ता दिसला, तर आधी मोठ्यांना हाक मारा. चिंच किंवा राख लावून तो चकचकीत मात्र करू नका. कारण मुठीतला डिंक, पात्यावरच्या रेघा, कोपऱ्यातला गंज, हे सगळे पुरावेच असतात. फोटो काढा, लांबी मोजा, कुणाचा होता ते आजीला विचारून वहीत लिहा आणि मग जवळच्या संग्रहालयात दाखवा.