मुक्तस्रोत खेळ-सर्व्हरचे संकलन व दोषनिवारण (विंडोज प्रणालीवरील)

अनेक खेळाडूंनी जाळ्यावरून एकाच वेळी खेळावयाच्या संगणकीय खेळांत सर्वांच्या हालचालींची नोंद ठेवणारी, नियम लागू करणारी व प्रत्येकास खेळातील जगाची एकच स्थिती कळविणारी जी मध्यवर्ती आज्ञावली असते, तीस खेळ-सर्व्हर म्हणतात. तिची मूळ संहिता वाचण्यास, बदलण्यास व वाटण्यास सर्वांना खुली असल्यास ती मुक्तस्रोत होय. अशी संहिता बहुधा सी किंवा सी प्लस प्लस या भाषांत लिहिलेली असते. तिचे यंत्रभाषेत रूपांतर करण्याच्या क्रियेस संकलन व ते करणाऱ्या आज्ञावलीस संकलक किंवा कंपायलर म्हणतात.

पार्श्वभूमी : इड सॉफ्टवेअर या अमेरिकन कंपनीने ‘क्वेक’ या खेळाची संहिता १९९९ मध्ये व ‘क्वेक ३ अरीना’ची २००५ मध्ये जीएनयू सार्वजनिक परवान्याखाली खुली केली. ‘मायनटेस्ट’ हा ठोकळ्यांच्या जगाचा प्रकल्प २०१० मध्ये सुरू झाला. २०२४ मध्ये त्याचे ‘लुआंटी’ असे नामांतर झाले. ‘ट्रिनिटीकोअर’ हा प्रकल्प २००८ मध्ये ‘मँगोस’ या पूर्वीच्या प्रकल्पातून फुटून निघाला. हे प्रकल्प महत्त्वाचे ठरतात ते एका साध्या कारणाने : कंपनीने आपला सर्व्हर बंद केला की केवळ त्याच्यावर अवलंबून असलेला खेळ, विकत घेतलेला असूनही, निरुपयोगी होतो. सर्व्हरची संहिता उपलब्ध असेल, तर तो जिवंत राहू शकतो. तथापि संहितेचा परवाना मूळ खेळातील चित्रे, ध्वनी व नकाशे यांना लागू होत नाही. ‘बॅटल डॉट नेट’ सेवेची नक्कल करणाऱ्या ‘बीनेटडी’ या मुक्त सर्व्हरच्या निर्मात्यांविरुद्ध अमेरिकेतील आठव्या परिमंडलाच्या अपील न्यायालयाने २००५ मध्ये निकाल दिला होता, हे या संदर्भात ध्यानात घ्यावे लागते.

विंडोजवरील अडचणींचे मूळ : यांपैकी बरीच संहिता लिनक्स प्रणालीच्या सवयींनुसार लिहिली जाते. लिनक्सवर आवश्यक ती पूरक ग्रंथालये (तयार उपआज्ञावलींचे संच) प्रणालीचे भांडारच पुरविते व त्यांच्या जागाही ठरलेल्या असतात. विंडोजवर अशी रूढ व्यवस्था दीर्घकाळ नव्हती. मायक्रोसॉफ्टने २०१६ मध्ये ‘व्हीसीपीकेजी’ हे साधन उपलब्ध करून दिल्यावर ही उणीव पुष्कळशी भरून निघाली. याखेरीज दोन्ही प्रणालींत काही मूलभूत भेद आहेत. उदा., ६४-बिटी लिनक्सवर सी भाषेतील ‘लाँग’ हा पूर्णांक ६४ बिटांचा, तर ६४-बिटी विंडोजवर तो ३२ बिटांचाच असतो. त्यामुळे एका प्रणालीवर निर्दोष चालणारी संहिता दुसरीवर चुकीची उत्तरे देऊ शकते.

दोषांचे वर्गीकरण : संहितेपासून चालत्या सर्व्हरपर्यंत चार टप्पे असतात : पूर्वरचना, संकलन, जोडणी व प्रत्यक्ष चालविणे. दोष कोणत्या टप्प्यात उद्‌भवला हे ओळखणे, हेच निवारणाचे पहिले पाऊल होय. पडद्यावर शेकडो दोषसूचना दिसल्या, तरी त्यांपैकी बहुतेक पहिल्या दोषाचे परिणाम असतात. म्हणून शेवटची नव्हे, तर पहिली सूचना वाचावी लागते.

पूर्वरचना : या टप्प्यात बहुधा ‘सीमेक’ ही आज्ञावली संगणकावरील संकलक व ग्रंथालये शोधून प्रकल्पाची आखणी करते. ट्रिनिटीकोअरला बूस्ट, ओपनएसएसएल व मायएसक्यूएल ही ग्रंथालये लागतात. ती न सापडल्यास काम येथेच थांबते. ग्रंथालय मुळीच नसणे, ते ३२-बिटी असून प्रकल्प ६४-बिटी असणे किंवा त्याचा मार्ग चुकीचा असणे, ही नेहमीची कारणे होत. सीमेक एकदा मिळालेली उत्तरे साठवून ठेवते; त्यामुळे चूक दुरुस्त केल्यावरही जुनाच दोष पुन्हा दिसतो. अशा वेळी बांधणीचा फोल्डर पूर्ण रिकामा करून आखणी नव्याने करणे श्रेयस्कर ठरते. व्हीसीपीकेजीचा मार्गही पहिल्याच आखणीच्या वेळी सांगावा लागतो.

संकलन : मायक्रोसॉफ्टच्या संकलकाची सी १०८३ ही सूचना ‘शीर्षफाईल उघडता आली नाही’ असे सांगते. मुख्य संहितेबरोबर तिचे उपप्रकल्प उतरवून घेतले नसल्यास त्यांचे फोल्डर रिकामे राहतात व हाच दोष येतो. संहिता गुंडाळलेल्या एका फाईलच्या रूपाने उतरविल्यास असे विशेषेकरून घडते. दुसरा परिचित दोष जाळेविषयक शीर्षफाईलींचा आहे. विंडोजची मुख्य शीर्षफाईल ‘विनसॉक’ची जुनी आवृत्ती आपोआप ओढून आणते, तिच्यानंतर ‘विनसॉक २’ घेतल्यास एकाच नावाच्या दोन व्याख्या होऊन सूचनांचा पाऊस पडतो. विनसॉक २ आधी घेणे, हा त्यावरील उपाय होय. त्याच मुख्य फाईलीत ‘मिन’ व ‘मॅक्स’ या नावांच्या संक्षेपाज्ञाही असतात आणि प्रमाण ग्रंथालयातील त्याच नावांच्या क्रियांशी त्यांचा संघर्ष होतो. ‘नोमिनमॅक्स’ ही व्याख्या दिल्याने तो टळतो.

फाईलच्या पूर्ण मार्गाची २६० अक्षरांची जुनी मर्यादाही अडथळा ठरते. विंडोज १० च्या २०१६ मधील आवृत्तीपासून ती शिथिल करता येते, परंतु सर्व साधने त्या सवलतीचा लाभ घेत नाहीत. त्याचप्रमाणे वापरकर्त्याचे नाव देवनागरीत असल्यास किंवा मार्गात मोकळी जागा असल्यास काही जुन्या साहाय्यक आज्ञावली कोलमडतात. संहिता मुख्य ड्राईव्हवरील आखूड, रोमन नावाच्या फोल्डरात ठेवल्यास दोन्ही अडचणी टळतात.

जोडणी : संकलित तुकडे व ग्रंथालये एकत्र सांधून चालण्याजोगी फाईल बनविणे, हे जोडकाचे किंवा लिंकरचे काम होय. एलएनके २०१९ या सूचनेचा अर्थ वापरलेल्या क्रियेची व्याख्या कोठेही सापडली नाही, असा होतो. जाळेविषयक क्रियांची नावे तीत दिसल्यास विनसॉकचे ग्रंथालय जोडावयाचे राहिले आहे, असे समजावे. एलएनके १११२ ही ३२-बिटी व ६४-बिटी तुकड्यांची भेसळ दाखविते. एलएनके २०३८ ही चाचणीसाठीच्या व अंतिम वापराच्या बांधणीतील तुकडे एकत्र आल्याचे किंवा त्यांची चालन-ग्रंथालये भिन्न असल्याचे सांगते. एलएनके ११६८ या सूचनेचे कारण मात्र पुष्कळदा साधे असते : जुना सर्व्हर अजून चालू असल्याने त्याची फाईल नव्याने लिहिता येत नाही.

चालविणे : बांधणी यशस्वी होऊनही सर्व्हर सुरू होत नाही, तेव्हा गतिक ग्रंथालयांकडे (डीएलएल फाईलींकडे) पाहावे लागते. ट्रिनिटीकोअरच्या बाबतीत मायएसक्यूएल व ओपनएसएसएल यांच्या अशा फाईली सर्व्हरशेजारी ठेवाव्या लागतात. बिटसंख्येचा मेळ नसल्यास ‘०एक्ससी०००००७बी’ हा संकेतांक दिसतो. रचनेची नमुना-फाईल प्रत काढून योग्य नावाने ठेवली नसणे, हेही न सुरू होण्याचे एक कारण असते. त्याच क्रमांकाचे द्वार दुसऱ्या आज्ञावलीने अडविले असल्यास विनसॉक १००४८ हा दोषांक देते. सर्व्हर चालू असूनही बाहेरील खेळाडूंना तो दिसत नसल्यास विंडोजच्या संरक्षक भिंतीत संबंधित द्वार उघडे आहे का, हे पाहावे. लुआंटीचे नेहमीचे द्वार यूडीपी ३०००० हे आहे.

दक्षता : एका वेळी एकच बदल करणे, संहितेची व साधनांची आवृत्ती टिपून ठेवणे आणि सतत बदलणाऱ्या ताज्या संहितेऐवजी प्रकाशित आवृत्ती घेणे, यांमुळे बराच वेळ वाचतो. हरवलेली डीएलएल फाईल अनोळखी ठिकाणाहून उतरविणे मात्र कटाक्षाने टाळावे. सर्व्हरवर खेळाडूंची नावे व परवलीचे शब्द साठविलेले असतात आणि परकी फाईल सर्व्हरच्याच अधिकाराने चालते. आपण चालवितो ती आज्ञावली कोणत्या संहितेपासून बनली हे स्वतः जाणणे, हा संकलनाचा मुख्य लाभ आहे. अशा एका फाईलने तो नाहीसा होतो.