पडलेले पाणी आणि वाहिलेले पाणी

सह्याद्रीतून उतरणारी आंबा नदी पालीवरून नागोठण्यास येते आणि पुढे धरमतरच्या खाडीस मिळते. पावसाळ्यात हिच्या काठी पुराची चिंता, तर उन्हाळ्यात डोंगरउतारावरील वाड्यांत हंडाभर पाण्याची चिंता. ओहोळावर बंधारा घालून पाणी अडवावे हा विचार रास्तच आहे. परंतु तत्पूर्वी दोन प्रश्नांची उत्तरे काढली पाहिजेत : वर्षभरात पाणी किती येईल, आणि जोरदार सरीत ते किती वेगाने येईल ?

पावसाचे काही पाणी जमिनीत मुरते, काही झाडपाल्यावर अडते, काहीची वाफ होते. उरलेले जमिनीवरून वाहते, त्यास अपधाव म्हणतात. ज्येष्ठातील पहिल्या सरी तापलेली जमीन पिऊन टाकते. आषाढात जमीन भिजून तृप्त झाली की तेवढ्याच सरीचे बहुतेक पाणी ओहोळात उतरते.

इंग्लिस व डिसूझा यांनी १९२९ साली पश्चिम भारतातील प्रत्यक्ष मोजणीवरून घाट विभागासाठी सूत्र बसविले. वार्षिक पाऊस सेंटिमीटरमध्ये घेऊन ०.८५ ने गुणावा व त्यातून ३०.५ वजा करावे. पाऊस ३०० सें.मी. धरल्यास अपधाव २२४.५ सें.मी., म्हणजे शेकडा सुमारे ७५ येतो. पठारासाठी त्यांनी दिलेल्या निराळ्या सूत्राने ६० सें.मी. पावसाचा अपधाव अवघा १० सें.मी. भरतो. यास्तव देशावरील हिशेब कोकणात लावू नये.

वरील हिशेबाने २० हेक्टर पाणलोटातून वर्षास सुमारे ४ लाख ४९ हजार घनमीटर पाणी येईल. साठ्यास पाण्याची वाण नाही. खरी कसोटी सांडव्याची आहे.

लहान पाणलोटासाठी सांडव्याचा हिशेब असा करावा : ताशी पाऊस (मि.मी.) गुणिले क्षेत्र (हेक्टर) गुणिले अपधाव गुणांक, भागिले ३६०. उत्तर दर सेकंदास घनमीटरमध्ये मिळते. पाणलोटाच्या टोकापासून बंधाऱ्यापर्यंत पाणी पोहोचण्यास लागणाऱ्या वेळेतील सर्वांत जोराचा पाऊस येथे धरावा. तो ताशी ६० मि.मी. मानल्यास, राखलेल्या जंगलाच्या उतारावरून (गुणांक ०.५०) सेकंदास १.६७ घनमीटर, तर नांगरलेल्या वरकस उतारावरून (गुणांक ०.७२) २.४० घनमीटर पाणी येईल. पाऊस तोच, झाडी गेली की लोंढा जवळजवळ दीडपट होतो.

जुलै १९८९ मध्ये आंबेच्या पुराने जांभूळपाड्यात केलेली प्राणहानी या खोऱ्यातील लोक विसरलेले नाहीत. अरुंद सांडव्याचा बंधारा फुटला तर वर्षाची बेगमी जाते आणि खालची खाचरेही गाळाने भरतात. म्हणून गावोगावी पर्जन्यमापकाची नोंद ठेवावी, ओहोळाच्या काठी पुराच्या उंचीची खूण करावी आणि या नोंदी दाखवून कृषी खात्याच्या कर्मचाऱ्यांकडून हिशेब तपासून घ्यावा. मगच पहिला दगड बसवावा.