टोलचा पैसा, व्याजाचे नाव

घरातला कर्ता माणूस निवृत्त होतो, प्रॉव्हिडंट फंड आणि ग्रॅच्युइटीची रक्कम हाती येते आणि प्रश्न पडतो, पैसे ठेवायचे कुठे? बँकेत मुदत ठेव केली तर व्याज येते. सोने घेतले तर महिन्याचा खर्च निघत नाही. गाळा घेऊन भाड्याने द्यावा एवढी रक्कम नसते. अशा वेळी कोणीतरी सुचवतो, "मास्तर, इन्व्हिट घ्या. रस्त्याचा टोल आहे, व्याज नाही. वर्षाला दहा टक्के सुटतात." उत्पन्न मोठे आणि वर हलाल! हे दोन्ही दावे तपासल्याशिवाय आयुष्यभराची कमाई तिकडे वळवू नये.

इन्व्हिट म्हणजे पायाभूत सुविधांचा गुंतवणूक ट्रस्ट. आयकर कायद्यात याला 'बिझनेस ट्रस्ट' म्हणतात. महामार्ग, वीजवाहिन्या, गॅसवाहिन्या असे प्रकल्प या ट्रस्टच्या ताब्यात असतात आणि त्यांचे उत्पन्न युनिटधारकांना वाटले जाते. सेबीने याचे नियम २०१४ मध्ये केले. सर्वांसाठी खुल्या असलेल्या ट्रस्टची किमान ८० टक्के मालमत्ता पूर्ण झालेल्या व उत्पन्न देणाऱ्या प्रकल्पांत असावी लागते आणि वाटपयोग्य रोख रकमेतील किमान ९० टक्के वाटावीच लागते. पूर्वी यात शिरायला दहा लाख रुपये लागत. आता शेअरबाजारातून एक युनिटही घेता येते. म्हणूनच हा विषय आपल्या घरांपर्यंत आला आहे.

आधी दहा टक्क्यांचा हिशेब पाहू. रस्ता ट्रस्टच्या कायम मालकीचा नसतो. ठरावीक वर्षे टोल वसूल करायचा आणि मुदत संपली की रस्ता सरकारला परत द्यायचा. समजा, तुम्ही १०० रुपयांना युनिट घेतले, वर्षाला १० रुपये मिळाले आणि १५ वर्षांनी मुदत संपून हाती काहीच उरले नाही. एकूण १५० रुपये आले, त्यातले १०० तुमचेच होते. खरा परतावा निघतो वर्षाला साधारण साडेपाच टक्के. बाकीचे तुमचेच मुद्दल हप्त्याहप्त्याने घरी येत होते. ते उत्पन्न समजून खर्च केले तर पंधरा वर्षांनी ना मुद्दल राहते, ना उत्पन्न.

हे उदाहरण निव्वळ कागदावरचे नाही. देशातला पहिला सूचिबद्ध ट्रस्ट, आयआरबी इन्व्हिट फंड, मे २०१७ मध्ये १०२ रुपयांना विकला गेला. सूरत-दहिसर आणि आपल्या विदर्भातला तळेगाव-अमरावती हे रस्ते सुरुवातीपासून त्यात होते. सूरत-दहिसर आणि भरूच-सूरत या दोन्ही रस्त्यांची मुदत २०२२ मध्ये संपली. ट्रस्टने पुढे नवा रस्ता घेतला, पण नवा रस्ता फुकट येत नाही. युनिटधारकांना नियमित वाटप मिळत राहिले, त्यात मुद्दलाचा परतावाही होता. मात्र युनिटचा भाव वर्षानुवर्षे १०२ च्या बराच खाली राहिला.

धोके आणखीही आहेत. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा राष्ट्रीय महामार्गांवरील टोलवसुली २० एप्रिलपर्यंत बंद होती. त्याच वर्षी शेतकरी आंदोलनात पंजाबातले टोलनाके बंद पडले ते वर्षभराहून अधिक काळ; याच ट्रस्टचा अमृतसर-पठाणकोट रस्ता त्यात अडकला. वीजवाहिन्यांचे गणित वेगळे असते. त्यांना किती वीज वाहिली यावर नव्हे, तर वाहिनी किती वेळ चालू स्थितीत राहिली यावर पैसे मिळतात. त्यामुळे तिथले उत्पन्न टोलपेक्षा स्थिर असते. पण बँकांचे दर वाढले की सर्वच इन्व्हिटचे भाव दबतात. आणि बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते, तसे युनिटला नसते.

आता दुसरा दावा: "टोल आहे, व्याज नाही." वर्षाअखेर ट्रस्ट युनिटधारकाला कर-विवरण पाठवतो. त्यात वाटलेल्या रकमेची फोड असते: व्याज, लाभांश, मुद्दलाचा परतावा. अनेक ट्रस्टच्या विवरणात सर्वांत मोठा आकडा 'व्याज' या सदरात दिसतो आणि आपला माणूस दचकतो. याचे कारण रचनेत आहे. रस्ता ट्रस्टच्या मालकीच्या एका कंपनीकडे असतो. ट्रस्ट त्या कंपनीला कर्ज देतो, कंपनी टोल गोळा करून ट्रस्टला व्याज भरते आणि तेच व्याज आपल्यापर्यंत पोहोचते.

यावर कोणी म्हणेल, ट्रस्टही आपला, कंपनीही आपली. या खिशातले त्या खिशात गेले, मूळ पैसा टोलचाच. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही आणि त्याचा निर्णय उलमांनीच द्यावा. पण तो मान्य झाला तरी बाहेरच्या बँकांचे कर्ज उरतेच. नियमानुसार ट्रस्टला मालमत्तेच्या ४९ टक्क्यांपर्यंत आणि विशेष अटी पूर्ण केल्यास ७० टक्क्यांपर्यंत कर्ज काढता येते. शंभर रुपयांच्या मालमत्तेवर ४९ रुपये कर्ज म्हणजे युनिटधारकांच्या ५१ रुपयांच्या जवळपास बरोबरीने. इस्लामी वित्तव्यवहाराची मानके ठरवणारी बहरीनची संस्था 'आओफी' शेअर्सबाबत व्याजी कर्जाची मर्यादा बाजारमूल्याच्या ३० टक्के आणि निषिद्ध उत्पन्नाची मर्यादा एकूण उत्पन्नाच्या ५ टक्के ठेवते. या मापाने पाहिले तर भरपूर कर्ज काढलेला ट्रस्ट कसोटीला उतरणे अवघड आहे.

तेव्हा कोणी इन्व्हिट सुचवला तर चार गोष्टी कागदावर मागा. मागच्या दोन-तीन वर्षांच्या वाटपाची फोड. प्रत्येक प्रकल्पाची मुदत किती वर्षे उरली. बाहेरचे कर्ज किती. आणि युनिटचा मूळ व आजचा भाव. हाच कागद घेऊन माहितगार मुफ्ती साहेबांकडे जा. नुसते "इन्व्हिट जायज आहे का?" असे विचारू नका, आकडे समोर ठेवून विचारा, म्हणजे उत्तरही नेमके मिळेल.

शरई समाधान झाले, तरीही हजसाठी किंवा मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम यात घालू नये. जी रक्कम काही वर्षे लागणार नाही आणि भाव उतरला तरी झोप उडणार नाही, तेवढीच घालावी. वाटपातला मुद्दलाचा भाग घरखर्चाला न वापरता वेगळा काढून ठेवावा. आणि समाधान झाले नाही तर हात आखडता घ्यावा. दहा टक्क्यांच्या मोहापायी मनात किंतु ठेवून खाल्लेल्या घासात बरकत कुठून येणार?