थोड्या खर्चांत चांगला इअरफोन

घरांत नवी वस्तु आणावयाची म्हणजे ती पारखून घेण्याची चाल आमच्या कुटुंबांतून अजून टिकून आहे. भांडें घ्यावयाचें तर तें वाजवून पाहतात, तांदूळ घ्यावयाचा तर दाणा दांताखालीं धरून पाहतात, साडी घ्यावयाची तर तिचा पोत बोटांनीं चाचपतात. परंतु इअरफोन घेण्याची वेळ आली कीं ही सारी चिकित्सा कोठें नाहींशी होते कोण जाणे! मुलगा दुकानांत जातो, रंग पाहतो, खोक्यावरचीं मोठीं अक्षरें वाचतो व साडेचारशें रुपये टाकून येतो. तीन-चार महिन्यांनीं एका बाजूचा आवाज जातो. पुन्हां दुकान, पुन्हां साडेचारशें रुपये. आमच्या घरची जमाखर्चाची वही गेल्या दिवाळींत चाळतांना असें आढळलें कीं, वर्षभरांत ह्या एका सदराखालीं चार वेळां मिळून अठराशें रुपये खर्चीं पडले होते, आणि घरांत चालूं स्थितींतला इअरफोन होता तो एकच! तेव्हां ह्या क्षुद्र दिसणाऱ्या वस्तूचा विचार नीट करावा असें आम्हीं ठरविलें. त्यांतून जें हातीं लागलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

ही वस्तु वाटते तितकी अलीकडची नाहीं. अमेरिकेंतील यूटा राज्यांत राहणाऱ्या नॅथॅनियल बाल्डविन ह्या गृहस्थानें आपल्या स्वयंपाकघरांत बसून कानांवर चढविण्याची जोडी तयार केली, व १९१० सालीं तिचा नमुना तेथील आरमाराकडे पाठविला. पुढें १९७९ सालीं जपानच्या सोनी कंपनीनें वॉकमन काढला, आणि रस्त्यानें चालतां चालतां गाणें ऐकण्याची संवय जगभर पसरली. आजच्या साध्या इअरफोनचें अंतरंग पाहिलें तर तेंहि फारसें गूढ नाहीं. एक लहानसें लोहचुंबक, त्याच्या सान्निध्यांत बारीक तारेचें वेटोळें, आणि वेटोळ्यास चिकटविलेला पातळ पडदा. विजेचा प्रवाह कमीजास्त झाला कीं वेटोळें हालतें, त्यासरशी पडदा हालतो, पडद्यानें हवा हालते, आणि तोच आपल्या कानीं पडणारा स्वर होय.

मग महाग तो चांगला, असें समजून चालावें काय? ह्या प्रश्नास मोजमापाचें उत्तर मिळालेलें आहे. येरून ब्रेबार्ट ह्या संशोधकानें २८३ हेडफोन व इअरफोन ह्यांच्या मोजमापांची छाननी करून आपला निष्कर्ष २०१७ सालीं अमेरिकेच्या ध्वनिशास्त्र-संस्थेच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. कोणत्या स्वरास यंत्र किती उठाव देतें, ह्याचा आलेख एका बाजूस व बाजारांतील किंमत दुसऱ्या बाजूस ठेवून पाहतां, दोहोंचा परस्परांशीं जवळजवळ कांहींच संबंध त्यास आढळला नाहीं. अर्थात् मजबुती, सोय, तारेची प्रत ह्यांचा हिशेब त्यांत नव्हता. तेव्हां सर्वांत स्वस्त असेल तो उचलावा, असा ह्याचा अर्थ कोणी करूं नये. परंतु पांच हजारांचा इअरफोन दीड हजारांच्यापेक्षां गोडच वाजेल, ही समजूत मात्र सोडून द्यावी. आमच्या अनुभवानें तारेचा चांगला इअरफोन हल्लीं हजार ते दोन हजार रुपयांत मिळूं शकतो.

आतां खोक्यावरील मजकुराविषयीं. '२० ते २०,००० हर्ट्झ' असें बहुतेक खोक्यांवर छापलेलें असतें. निरोगी तरुण कानास साधारणपणें तेवढ्याच मर्यादेंतील कंपनें ऐकूं येतात, हें खरें. परंतु हे आंकडे शंभर रुपयांच्या मालावरहि असतात. त्या मर्यादेंत कोणता स्वर फुगविला व कोणता दाबला, हें त्यांवरून मुळींच कळत नाहीं. पडदा किती मिलिमीटरचा, ह्या आंकड्याचीहि तीच गत. पाहण्यासारखा आंकडा ओहमचा. तो १६ किंवा ३२ च्या आसपास असला म्हणजे मोबाइलवर तो सहज वाजतो. अडीचशें-तीनशें ओहमचे हेडफोन ध्वनिमुद्रणगृहांतील कामासाठीं असतात, व त्यांस बहुधा निराळें यंत्र जोडावें लागतें.

'एक्स्ट्रा बेस' हीं अक्षरें दिसलीं तर मात्र सावध व्हावें. खर्जाचा आवाज मुद्दाम फुगविलेला असला म्हणजे दुकानांतल्या गोंगाटांत पहिलीं दोन मिनिटें तो भरदार वाटतो. घरीं आल्यावर गाणाऱ्याचा शब्द त्या ढोलाखालीं गुदमरतो, आणि तो ऐकूं यावा म्हणून आपण आवाज वाढवीत जातों. आमच्यासारख्या जुनीं गाणीं ऐकणाऱ्या घरांस तर ह्याचा विशेष जाच होतो. गौहर जान ह्यांचें गाणें कलकत्त्यास १९०२ सालीं मुद्रित झालें, तेव्हां गायकास कर्ण्यासमोर उभें राहून गावें लागे; विजेच्या साहाय्यानें मुद्रण करण्याची पद्धत १९२५ नंतर रूढ झाली. त्या जुन्या तबकड्यांत खर्ज मुळांतच थोडा उतरलेला आहे. तो फुगवूं गेल्यास गाणें भरदार होत नाहीं; केवळ तबकडीची घरघर वाढते.

तथापि आंकड्यांहूनहि महत्त्वाची गोष्ट खोक्याच्या तळाशीं एका लहानशा पिशवींत पडलेली असते, व ती पुष्कळ लोक खोक्यासह फेकून देतात. कानाच्या नळींत बसणाऱ्या इअरफोनबरोबर लहान, मध्यम व मोठ्या मापाचीं रबरें येतात. रबर सैल बसलें तर खर्ज बाहेर गळून जातो, बाहेरचा कलकलाट आंत शिरतो, व उत्तम इअरफोनहि पत्र्याच्या डब्यासारखा वाजूं लागतो. फार घट्ट बसलें तर कान दुखतो. म्हणून तिन्ही मापें घालून पाहावीं. दोन्ही कान एकाच मापाचे असतात असेंहि नाहीं. आमच्या एका पुतण्यास उजव्या कानीं मध्यम व डाव्या कानीं लहान रबर लागतें. परीक्षा सोपी आहे: गाणें न लावतां इअरफोन कानांत घालावा व पंख्याच्या आवाजाकडे लक्ष द्यावें. तो एकदम दूर गेल्यासारखा वाटला तर माप बरोबर आहे असें समजावें. ज्यांस काम करतांना कुकरची शिटी व दाराची घंटा ऐकूं यावयास हवी, त्यांनीं मात्र नळी न बुजविणारा, कानाच्या खळग्यांत नुसता टेकणारा प्रकार घ्यावा. आणि रस्ता ओलांडतांना कोणताहि इअरफोन कानांत ठेवूं नये.

माल पारखण्यासाठीं दुकानदाराचें गाणें ऐकूं नये. आपल्या घरांत रोज वाजणारें, ज्याची जागा न् जागा ठाऊक आहे असें गाणें ऐकावें. प्रथम तंबोरा. जवारी लावलेल्या तंबोऱ्याच्या तारा एकामागून एक छेडल्या जातात, आणि प्रत्येकीची झंकार निराळी उमटते. वाईट इअरफोनांत त्यांची एकच गुणगुण होते. नंतर तबला. डग्ग्याचा घुमारा उठावा आणि विरावा; तो तेथेंच साचून राहिला तर खर्ज बेताल आहे. चाटेचा बोल मात्र टणक व स्वच्छ हवा. मग टाळ. त्यांचा नाद घुमत जाऊन मिटावा. तव्यावर पाणी पडल्यासारखा चरचरला तर वरचे स्वर अतोनात वाढविलेले आहेत, व असा इअरफोन अर्ध्या तासांत कान शिणवितो. शेवटीं शब्द. पुणें आकाशवाणीवरून १९५५ सालीं सुरू झालेल्या व छप्पन गीतांनीं पूर्ण झालेल्या गीतरामायणासारख्या शब्दप्रधान गायनांत प्रत्येक अक्षर कळावें, परंतु 'स' आणि 'श' कानास टोंचूं नयेत. बातम्या देणाऱ्याचा आवाज डोक्याच्या अगदीं मध्यावर वाटला पाहिजे. तो एका बाजूस झुकला तर दोन बाजू सारख्या नाहींत. ही सर्व परीक्षा हलक्या आवाजांत करावी. हलक्या आवाजांत ज्यांत सर्व कांहीं ऐकूं येतें, तोच खरा चांगला इअरफोन.

तारेचा घ्यावा कीं बिनतारी, हा वाद हल्लीं घरोघर चालतो. बिनतारी इअरफोन सोयीचा खरा. परंतु त्याच किंमतींत बॅटरी, डबी, ध्वनिक्षेपक व संदेश पकडण्याची यंत्रणा एवढें सारें बसवावयाचें असतें. शिवाय त्यांतील इवलीशी बॅटरी कालांतरानें क्षीण होते, व स्वस्त मालांत ती बदलून मिळत नाहीं. खोक्यावर 'ई.एन.सी.' असें लिहिलेलें असेल तर तें आपण फोनवर बोलतांना पलीकडच्या माणसास गोंगाट कमी ऐकूं यावा म्हणून असतें. आपल्या कानांस शांतता देणारी सोय म्हणजे 'ए.एन.सी.'. एका अक्षराच्या फरकानें पुष्कळांची फसगत होते. तारेच्या इअरफोनास हीं दुखणीं नाहींत. तो बिघडतो तो बहुधा पिनेपाशीं अथवा तार जेथें दोन बाजूंस फुटते तेथें. म्हणून तार निघून बदलतां येईल असा प्रकार मिळाल्यास तोच घ्यावा. तार तुटली तर नवी तार घालून जुनाच इअरफोन चालूं राहतो. काढतांना तार न ओढतां पीन धरून काढावी. फोनास गोल पिनेचें छिद्र नसेल तर टाइप-सी पद्धतीचा जोड घ्यावा लागतो. परंतु सर्व जोड सर्व फोनांवर चालत नाहींत, म्हणून तो आपला फोन लावून पाहूनच घ्यावा. आणखी एक गोष्ट एकत्र कुटुंबांसाठीं: इअरफोन एक असला तरी रबरें ज्याचीं त्याचीं निराळीं असावींत, व तीं काढून साबणाच्या पाण्यानें धुवून, पूर्ण वाळवून मगच पुन्हां बसवावींत.

हें सर्व आम्ही एवढ्या तपशिलानें कां लिहितों, त्यास कारण आमच्याच घरांत घडलें. आमच्या थोरल्या काकू रात्रीं निजण्यापूर्वीं तासभर कीर्तन ऐकतात. एके दिवशीं त्यांनीं, 'हा डावीकडचा बिघडला गो,' असें म्हणून इअरफोन सुनेच्या हातीं दिला. पुतण्यावर आळ आला, नव्याचे पैसेहि काढून ठेवले. इतक्यांत त्याच पुतण्यानें सहज डावी बाजू काकूंच्या उजव्या कानांत व उजवी डाव्या कानांत घातली. काकू थोडा वेळ स्वस्थ बसल्या व म्हणाल्या, 'अजून डावीकडेच कमी येतें रे.' बिघाड इअरफोनांत नव्हता. कानाच्या डॉक्टरांनीं तपासलें तेव्हां डाव्या कानाची श्रवणशक्ति बरीच उणी झाल्याचें निघालें. डावीकडे नीट ऐकूं यावें म्हणून काकू कित्येक महिने आवाज चढवीत आल्या होत्या, आणि तो चढलेला आवाज धडधाकट उजव्या कानावरहि रोज आदळत होता. 'हें आधीं कां आणलें नाहीं?' ह्या डॉक्टरांच्या प्रश्नास आम्हां कोणापाशींच उत्तर नव्हतें. आतां काकूंस श्रवणयंत्र मिळालें आहे, व कीर्तन त्या लहानशा स्पीकरवर सर्वांबरोबर ऐकतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें मोठ्या माणसानें ८० डेसिबलच्या आवाजांत आठवड्यास ४० तासांपर्यंत ऐकणें सुरक्षित समजावें. मुलांसाठीं ही मर्यादा ७५ डेसिबलची आहे. आवाज तीन डेसिबलनें वाढला कीं सुरक्षित वेळ निम्म्यावर येतो. ९० डेसिबलला आठवड्याचे अवघे ४ तास उरतात. लोकलच्या गोंगाटांत सैल इअरफोन घालून शिकवण्या ऐकणारा विद्यार्थी ही मर्यादा केव्हां ओलांडतो, हें त्यास कळतहि नाहीं. आंतल्या कानांतील सूक्ष्म केसांच्या पेशी एकदां मेल्या कीं त्या पुन्हां उगवत नाहींत. इअरफोन काढल्यावर कानांत शीळ वाजत राहिली, किंवा एका बाजूस कमी ऐकूं येऊं लागलें, तर दुकानाकडे जाण्यापूर्वीं दोन्ही बाजू उलटसुलट करून पाहाव्यात. कमीपणा इअरफोनबरोबर फिरला तर खुशाल दुकानदारास दाखवावा. तो कानापाशींच राहिला तर डॉक्टरांकडे जाण्यास एक दिवसाचाहि विलंब लावूं नये.

थोडक्यांत सांगावयाचें तर, पैसे खर्चावयाचे ते भपक्यावर व फुगविलेल्या खर्जावर नव्हेत, तर नीट बसणारें रबर, स्वच्छ शब्द व बदलतां येणारी तार ह्यांवर. आमच्या वहींत त्या सदराखालीं ह्या वर्षीं एकदांच चौदाशें रुपये पडले आहेत. गेल्या वर्षाच्या मानानें चारशें रुपये वांचले. परंतु खरी बचत ती नव्हे. घरांतील मुलें आतां आवाज निम्म्याच्या वर नेत नाहींत, कारण न्यावाच लागत नाहीं. त्या बचतीचा आंकडा कोणत्याहि वहींत मांडतां येणार नाहीं.