चालण्याचा केसपेपर

भोंगा वाजतो, वस्ती मैदानात जमते, हजेरी होते आणि आपत्तीची रंगीत तालीम पार पडते. ज्यांचे गुडघे जिना उतरू देत नाहीत, ते हा सोहळा बहुधा खिडकीतूनच पाहतात. जपानच्या कोची प्रांतातील ओकित्सु या किनारी वस्तीत नेमक्या याच मंडळींसाठी वेगळी तालीम आखली गेली.

हा किनारा १९४६ च्या भूकंपाचा आणि त्सुनामीचा साक्षीदार. २०१२ साली सरकारी तज्ज्ञांनी नवे अंदाज मांडले. याच प्रांतातील कुरोशिओ नगरासाठी लाटेची कमाल उंची ३४ मीटरांहून अधिक निघाली. परिणाम उलटाच झाला. एवढे पाणी येणार असेल तर या वयात पळून काय साधणार, अशी निराशा वृद्धांत पसरली.

क्योतो विद्यापीठाचे प्रा. कात्सुया यामोरी आणि त्यांचे सहकारी व्याख्यान देत बसले नाहीत. एका वेळी एकदोनच रहिवाशांनी घरातून निघून, स्वतः निवडलेल्या वाटेने, आपल्याच गतीने उंच जागी जायचे. जवळ जीपीएस यंत्र, सोबत कॅमेरे घेतलेली गावातली शाळकरी मुले. नंतरच्या चित्रफितीत एकीकडे चालणारे आजोबा दिसतात, दुसरीकडे नकाशा. त्यावर आजोबांचा ठिपका सरकतो आणि संगणकाने मांडलेले पाणी पसरत येते. वाटेत ते काय बोलले, तेही पडद्यावर उमटते. या फितीला त्यांनी नाव दिले ‘दोगा कारुते’. कारुते म्हणजे दवाखान्यातला केसपेपर! नाव समर्पक आहे, कारण औषधाप्रमाणे वाटही ज्याची त्याला तपासून द्यावी लागते. आपला ठिपका पाण्याच्या पुढे राहिलेला पाहणे हे शंभर सूचनाफलकांहून परिणामकारक, असे मला वाटते. तो मागे पडला, तर वाट किंवा निघण्याची वेळ बदलून पाहता येते. ज्यांना एवढेही झेपत नाही, त्यांच्यासाठी पुढे खोलीतून घराच्या दारापर्यंत येण्याचीच तालीम ठेवली गेली.

आपल्याकडे २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरने आणि २०२१ च्या जुलैत चिपळूणने महापूर सोसला. पुराचे गणित त्सुनामीहून निराळे. तरी अंथरुणावरून उठून सुरक्षित जागी पोहोचायला किती वेळ लागतो, हा प्रश्न तोच. जवळच्या महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेतील विद्यार्थ्यांना विचारून पाहावे. घड्याळ आणि मोबाइल कॅमेरा एवढे साहित्य आरंभाला पुरते. हृदयविकार, दमा किंवा तोल जाण्याचा त्रास असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. वेळ दारापासून न मोजता पलंगापासून मोजावी: चष्मा, काठी, औषधांची पिशवी शोधण्यातली मिनिटेही त्यात धरावीत. चाकाची खुर्ची लागत असेल, तर ती ढकलणारी व्यक्ती घरी नसताना कोण येणार, हे शेजाऱ्यांशी बोलून ठरवावे. आणि पहिली तालीम जमली की दुसरी, कोणी तरी हात धरायला सोबत असताना, दिवे मालवून करून पाहावी.